जीर्णोद्धाराची तळटीप

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठीत बहुधा देवळांच्या वाट्याला येतो. जुन्या मोटारीसाठी तो वापरला की ऐकणारा हसतो. पण गेली काही वर्षे एका जुन्या फियाटपायी घालवल्यानंतरही आम्हांला दुसरा शब्द सापडलेला नाही. 'दुरुस्ती' म्हणावे तर ती चालण्यापुरती असते, आणि 'रंगरंगोटी' तर नुसती वरवरची. जीर्णोद्धारात मूळ रूपाकडे परत जाण्याची प्रतिज्ञा असते. आणि तिची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली असते. हे टिपण त्या दुसऱ्याविषयी आहे.

आमची गाडी १९६६ सालची, फियाट ११०० कुळातली 'डिलाइट'. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. याच गाडीला पुढे 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' ही नावे मिळाली. नावे बदलली तरी १०८९ सीसीचे इंजिन तेच राहिले, त्यामुळे मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या धावत होत्या तोवर पिस्टन, क्लचप्लेट, ब्रेकचा सामान यांची चिंता नव्हती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि या सुट्या भागांमागचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. मात्र काही वस्तू त्याआधीही दुकानात मिळत नव्हत्या: जुना स्पीडोमीटर, पुढच्या दारातली तिकोनी काच तिच्या चौकटीसकट, गंज न लागलेले बॉनेट. या वस्तू नव्याने कोणी करीत नाही. त्या दुसऱ्या गाडीवरूनच काढाव्या लागतात. म्हणजे एक गाडी उभी करायची तर दुसरी मोडायची.

ती दुसरी गाडी आम्हांला रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनकडच्या एका वाडीत मिळाली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. तिथे मांडवाखाली उभ्या असलेल्या हिरव्या डिलाइटवर आंब्याचे झाड पडले. छत आसनांपर्यंत दबले, मागची काच गेली, डिकी चेपली. दारांपासून पुढचा भाग मात्र बचावला. त्यानंतर दोन पावसाळे ती उघड्यावर होती. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा हाताने मोडावा इतका खाल्ला होता. फक्त जिथे इंजिनाचे तेल वर्षानुवर्षे गळत आले होते, तेवढा पत्रा शाबूत होता. ज्या गळतीबद्दल मालकाने मेकॅनिकला कित्येकदा बोल लावले असतील, तिनेच तो भाग राखला होता.

मालक आता हयात नव्हते. त्यांच्या पत्नीने आम्हांला एकच प्रश्न विचारला, "ही पुन्हा उभी राहील का?" त्याचे खरे उत्तर 'नाही' असे नव्हते. छत नव्याने ठोकून घेता आले असते, तळही. खर्च मात्र आमच्या आणि त्यांच्याही आवाक्याबाहेरचा होता. आम्ही तसे स्पष्ट सांगितले. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग म्हणाल्या, "न्या. पण काय काय काढलंत ते लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत मला द्या."

या छंदातले लोक अशा गाडीला 'दाता' म्हणतात. दधीचीकडे अस्थी मागायला देवांना स्वतः जावे लागले होते आणि त्याने त्या स्वेच्छेने दिल्या होत्या. गाडीला इच्छा नसते, म्हणून 'दाता' हा शब्द निव्वळ आपल्या सोयीचा. इथे दान कोणाचे असेल तर ते त्या आजींचे होते.

मोडण्याच्या कामालाही क्रम असतो. काचा आधी काढायच्या, कारण बोल्ट सैल होऊ लागले की सांगाडा हलतो आणि काच तडकते. मग मीटर आणि आतला सामान; मग वायरिंग, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून. गंजलेल्या बोल्टावर डिझेल सोडून थांबायचे. घाई केली तर पान्याबरोबर बोल्टाचे डोकेच हातात येते. थांबण्याच्या त्या वेळात आम्ही यादी लिहीत होतो: वस्तू कोणती, कुठून काढली, कोणत्या स्थितीत होती, कुठे बसवणार. सुरुवातीला ती आजींना दिलेल्या शब्दासाठी होती. पुढे तिचा वेगळाच अर्थ ध्यानात आला.

साहित्याच्या अभ्यासकाला ही यादी ओळखीची वाटेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; पण कोणता पाठ त्यांनी कोणत्या पोथीतून घेतला, याची नोंद आपल्या हाती नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी स्वीकृत पाठाखाली नाकारलेले पाठभेद पोथीवार नोंदवले. वाचक तिथे संपादकाशी असहमत होऊ शकतो, कारण संपादकाने जे बाजूला सारले ते पुसलेले नाही. पहिल्या कार्यामागे श्रद्धा होती, दुसऱ्यामागे शास्त्र. आम्ही त्यांची तुलना करीत नाही. एवढेच म्हणतो, की अनेक प्रतींमधून एक संहिता उभी राहते तेव्हा तळटीप हेच त्या बाकीच्या प्रतींचे ऋण मान्य करण्याचे ठिकाण असते.

कायद्यालाही 'मूळ रूप' हवे असते. जुलै २०२१ मधल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीच्या या तीन गोष्टींना आम्ही हात लावला नाही. चासीचा क्रमांक ही गाडीची ओळख. ती दुसरीकडे नेता येत नाही आणि नेऊही नये. मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे आजींनी नोंदणीपुस्तक परत केले आणि उरलेला सांगाडा भंगारात गेला.

हिरवे बॉनेट आता आमच्या पांढऱ्या गाडीवर आहे. बाहेरून ते पांढरे केले. आतली बाजू हिरवीच ठेवली. जाणकार मित्रांना ते खटकते. त्यांच्या मते जीर्णोद्धारात जोड दिसता कामा नये, आणि स्पर्धेत त्याचे गुण जातील हेही खरे आहे. आमचे म्हणणे असे, की गाडी १९६६ सालची दिसावी, पण ती अखंड १९६६ पासूनच आलेली आहे असा भास तिने निर्माण करू नये. बॉनेट उघडणाऱ्याला हिरवा रंग दिसेल आणि तो विचारील, हे कुठले? तेव्हा दाखवायला यादी आहे. तिच्यात एकसष्ट नोंदी आहेत, आणि तिची दुसरी प्रत श्रीवर्धनकडच्या त्या घरात आहे.