संगणकाची अपुरी भिंत

निवृत्तीनंतर आप्तांच्या दुकानांतील हिशेब पाहण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. तेथे एक गोष्ट वारंवार आढळते. हिशेबाचे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर चालेनासे झाले, की दुरुस्तीला आलेला मुलगा प्रथम फायरवॉल बंद करतो. काम सुरू होते आणि ती पुन्हा सुरू करण्याचे कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

माझा पुतण्या म्हणतो, "काका, तिने अडते तरी काय? ईमेलमधले बनावट बिल आपणच उघडले, तर ती काय करणार?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. विंडोजमधील फायरवॉल बाहेरून येणारी अनाहूत जोडणी अडवते. आतून बाहेर जाणाऱ्यास सहसा हटकत नाही. आत शिरलेल्या घातक प्रोग्रॅमला पुरेसे अधिकार मिळाले, तर तो तिलाच बंद करू शकतो. ओटीपी स्वतःहून सांगणाऱ्याला तर तिचा काडीचाही उपयोग नाही.

तरीही ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर' आठवावा. त्यासाठी कोणी काही उघडण्याची गरज नव्हती. विंडोज एक्सपीचा संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जुलैतच दिली होती, पण असंख्य लोकांनी ती बसवलीच नव्हती. एक्सपीमध्ये फायरवॉल होती, मात्र मुळात बंद ठेवलेली! ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप सुरू राहू लागली. दुरुस्ती येणे आणि आपण ती बसवणे यांमधील दिवसांत हीच भिंत कामी येते.

बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. दोघांनी संगनमत केले तर ती व्यवस्था व्यर्थ; म्हणून कोणी दोन्ही किल्ल्या एकाच्या हाती दिल्या नाहीत.

विकतची, घडोघडी परवानगी मागणारी फायरवॉल मात्र मला दुकानासाठी अनावश्यक वाटते. दहाव्या प्रश्नानंतर माणूस न वाचताच 'होय' दाबतो. विंडोजमधली पुरे. अडचण आल्यास तेवढ्याच सॉफ्टवेअरला दुकानाच्या खासगी नेटवर्कपुरती मुभा द्यावी. सगळी भिंत पाडू नये. त्या संगणकात उधारीची सारी खाती असतात, आणि हल्ली ती वहीत उतरवून ठेवणारा मुनीमही राहिलेला नाही. म्हणूनच रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवणे, हे फायरवॉलइतकेच आवश्यक.

पुतण्याने दोन्ही संगणकांवर फायरवॉल सुरू केली आहे. डिस्कचा भाव मात्र तो अजून विचारतोच आहे.