कोठी ते मलकपेट : दुखणे थांबल्यानंतरचे दिवस

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना कोठीची ओळख करून द्यावयास नको. सणासुदीची खरेदी सुलतान बाजारात, जुन्या पुस्तकांचा शोध कोठीच्या पदपथावर, मराठी ग्रंथ हवा असल्यास इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुलांच्या शिक्षणासाठी जांबागेतील विवेक वर्धिनी, असा आपल्या अनेक घरांचा या भागाशी संबंध जडलेला आहे. परंतु ज्या वास्तूवरून या भागास ‘कोठी’ हे नाव पडले, तिचा आणि घोड्यांचा काही संबंध असेल, हे गर्दीतून वाट काढताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ती वास्तू म्हणजे ब्रिटिश रेसिडेन्सी. रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याच्या कारकिर्दीत, १८०३ च्या सुमारास, तिचे काम सुरू झाले. आराखडा लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याचा आणि पैसा निजामाचा. दर्शनी भागातील उंच स्तंभ, रुंद पायऱ्या आणि दोहो बाजूंचे सिंह आजही पाहणाऱ्यास थबकवतात. १९४९ साली येथे महिला महाविद्यालय आले. २०२२ साली त्याचे विद्यापीठ झाले आणि आता त्यास वीरनारी चाकली ऐलम्मा यांचे नाव आहे. जेथे आज विद्यार्थिनींची लगबग असते, तेथून त्या काळी रेसिडेंटची स्वारी हत्तीघोड्यांच्या लवाजम्यानिशी दरबारास निघत असे.

घोडा हा तर मराठी मुलुख आणि निजामाचे राज्य यांना जोडणारा धागा. आपण ज्याला ‘पागा’ म्हणतो, त्याच फारसी शब्दाचे नाते हैदराबादच्या ‘पायगा’ या थोर सरदार घराण्याच्या नावाशी सांगितले जाते. पुढे मोटारी आल्या, पागा मोडल्या. आज शहरात घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. मात्र कोठीवरून चादरघाटचा पूल ओलांडून मलकपेटला गेले की जातिवंत घोड्यांची एक वेगळीच वस्ती लागते. हैदराबादेतील शर्यती प्रथम १८६८ साली मौला अलीच्या बाजूस सुरू झाल्या आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, १८८६ मध्ये, त्या मलकपेटला आल्या. पावसाळी आणि हिवाळी असे तेथील शर्यतींचे हंगाम असतात.

शर्यतीचा घोडा म्हणजे सुमारे साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा देह, चार सडपातळ पायांवर तोललेला. भरधाव धावताना असा एक क्षण येतो की पुढचा एकच पाय जमिनीवर असतो आणि त्यावर देहाच्या दुपटीहून अधिक भार पडतो. हा आघात गुडघा आणि खुराच्या वरचा सांधा यांना सोसावा लागतो. सांध्यात तेलासारखा एक द्रव असतो. सूज आली की तो पातळ होतो, कूर्चा झिजू लागते आणि घोडा लंगडतो. अशा वेळी पशुवैद्य सांध्यावरची कातडी काटेकोरपणे निर्जंतुक करून आत स्टेरॉइड देतात, कधी त्याच्या जोडीला हायलुरॉनिक आम्लही देतात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यात जी सुई दिली जाते, तिचीच ही बहीण.

सुई देणे काही मिनिटांचे काम; खरे काम त्यानंतर सुरू होते. पहिला दिवस, दीड दिवस घोडा तबेल्यातच कोरड्या, स्वच्छ अंथरुणावर ठेवतात. त्यास आंघोळ घालीत नाहीत, चिखलात जाऊ देत नाहीत. नंतर मोतद्दार लगाम धरून त्यास दहा-पंधरा मिनिटे सपाट जमिनीवर सावकाश फिरवितो. मोकळे सोडावयाचे ते लहानशा कुंपणात आणि एकट्यालाच. कारण सोबत्यांच्या नादाने उधळलेला घोडा क्षणात सारी निगा वाया घालवील. मात्र त्यास दिवसेंदिवस कोंडून ठेवणेही हिताचे नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण हालचालीनेच होते. पाठीवर स्वार घेऊन साधी चाल, मग थोडी दुडकी आणि त्यानंतरच धाव, अशी ही चढण एक ते दोन आठवड्यांची असते. नेमके दिवस सांधा आणि औषध पाहून पशुवैद्यच ठरवितात. काम कमी असते म्हणून चंदीही कमी करतात.

या दिवसांत मोतद्दाराचा हात हेच मोठे उपकरण. सांधा गरम लागला, फुगला, किंवा सुधारत असलेला घोडा अचानक पाय टेकेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता वैद्यास बोलवावे लागते. सांध्यात जंतूंचा शिरकाव क्वचितच होतो. पण झाला तर घोड्याची धाव कायमची संपू शकते. स्टेरॉइडमुळे काही घोड्यांच्या खुरांतही दाह होतो, म्हणून खुरांकडेही लक्ष ठेवावे लागते.

सर्वांत मोठा धोका मात्र रोगाचा नसून सुधारणेचा आहे. औषधाने वेदना शमते, घोडा तरतरीत दिसतो, शर्यत तोंडावर असते आणि मालकास वाटते, आता काय हरकत आहे? परंतु झिजलेली कूर्चा काही दिवसांत भरून येत नाही. गप्प बसलेली असते ती केवळ वेदना. आजींना ‘गुडघा थांबला तरी जिने चढू नका’ असे सांगता येते. घोड्यास सांगता येत नाही. म्हणूनच शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार सांध्यात स्टेरॉइड दिल्यावर किमान चौदा दिवस घोड्यास शर्यतीत उतरविता येत नाही. मुक्या प्राण्याच्या वतीने नियमाने बोललेले ते शब्द आहेत.

वेदना हरण करणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न कोठीच्या परिसरास नवा नाही. रेसिडेन्सीचे सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोग चालविले. क्लोरोफॉर्म देताना रुग्णाच्या श्वासावरून नजर हलू देऊ नका, हा त्यांचा आग्रह होता. हृदयास थेट धोका नाही, हे त्यांचे मत पुढील संशोधनाने खोटे ठरविले. परंतु वेदना थांबली की पाहणाऱ्याचे डोळे अधिक उघडे हवेत, हा धडा टिकून राहिला. त्या मेडिकल स्कूलचे पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेज झाले आणि ते आज कोठीतच आहे.

मलकपेटच्या मैदानावर टाळ्या पडतात त्या जिंकणाऱ्या घोड्यास आणि त्याच्या स्वारास. पहाटेच्या धुक्यात एका बऱ्या होत चाललेल्या घोड्याचा लगाम धरून संथ पावले टाकणारा मोतद्दार कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तरी घोडा पुन्हा धावू शकतो, तो बहुधा त्याच्या या संथ पावलांमुळे. घरात दुखण्यातून उठलेले माणूस असेल, तर त्याच्या शेजारी चालणाऱ्यानेही ही चाल शिकून घ्यावी.