ठणका, कळ, चमक, तिडीक

दवाखाना कुठलाही असो, केसपेपरवर आजाराच्या रकान्यात एक इंग्रजी शब्द हमखास दिसतो: पेन. पोटाच्या पुढे पेन, गुडघ्याच्या पुढे पेन, छातीच्या पुढे पेन. घाईच्या वेळी एवढं पुरतं, हे मला मान्य आहे. पण हा शब्द कागदावर उतरण्याआधी पेशंट काय बोललेला असतो, ते एकदा नीट ऐकावं.

अंबाजोगाईला हे ऐकायची फार मोठी सोय आहे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केज, धारूर, परळी, रेणापूर या बाजूची माणसं येतात. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून गावाला त्याचा अभिमान आहे. ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं की चहूकडून कानावर येतं: डोकं ठणकायलंय, पोटात कळ यायलीय, पाठीत उसण भरलीय. यातलं एकही बोलणं नुसतं ‘दुखतंय’ नसतं.

ठणक्याला ठोका असतो. नाडीच्या तालावर तो वाजतो, पिकलेल्या बोटात वाजतो, रात्री दाढेत वाजतो. ठुसठुस त्याची धाकटी बहीण, गळू अजून धरत असताना येणारी. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. मुतखड्याची कळ माणसाला गडाबडा लोळवते, आणि बाळंतपणात तिचं अनेकवचन होतं. ‘कळा सुरू झाल्या’ म्हटलं की घरातलं कुणीही पुढचं विचारत बसत नाही. चमक क्षणाची, श्वास घेताना किंवा कूस बदलताना निघणारी. तिडीक रेघ ओढत जाते, कानामागून थेट डोक्यात. सल आत राहिलेल्या काट्याचा असतो. चुरचुर खरचटलेल्या कातडीची. आणि हुळहुळणं तर असं की स्वतःहून काही नाही, हात लावला की जीव जातो. उसणीवर आमच्याकडे पायाळू माणसाची लाथ हा उपाय अजून सांगतात. उपायाचं सोडा, पण वाकताना एकाएकी धरलेल्या पाठीला वेगळं नाव हवं, हे ओळखणाऱ्या माणसांचं मला कौतुक वाटतं.

माझ्या आत्याचं दुखणं शब्दांनीच सापडलं. एका दवाखान्यात तिला विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? ती म्हणाली, “आकड्यानं कसं सांगू, लेकरा?” कागदावर पाय दुखण्याची नोंद झाली, गोळ्या मिळाल्या, फरक काही पडला नाही. पुढे एका वयस्क डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवून विचारलं, “काय व्हायलंय, मावशी, नीट सांगा.” तेव्हा ती बोलली, “चार पावलं चाललं की पोटऱ्यांत रग भरतीय, मुंग्या येत्यात. जरा टेकलं की जातंय. पुन्हा उठलं की तेच.” डॉक्टरांनी पायाला हातच लावला नाही, कमरेचा फोटो काढायला सांगितला. मणक्यातली जागा अरुंद होऊन नसा दबल्या होत्या. रग, मुंग्या आणि टेकल्यावर मिळणारा आराम, या तीन गोष्टी तिनं जशा क्रमानं सांगितल्या तशाच क्रमानं त्या डॉक्टरांच्या पुस्तकात असणार.

हे इंग्रजीतल्याही एका माणसाच्या ध्यानात आलं होतं. रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ. पाय कापलेल्या एका वृद्ध बाईचं, नसलेल्या पायाच्या वेदनेचं वर्णन ऐकता ऐकता ते तरुणपणीच शब्द टिपू लागले. त्यातून १९७५ साली मॅकगिल प्रश्नावली आली: वेदनेचे ७८ शब्द, २० गटांत लावलेले. ठोक्याचे शब्द एकीकडे, दाबाचे एकीकडे, आगीचे वेगळे, आणि जीव नकोसा करणारे आणखी वेगळे. पेशंटनं त्यातले आपले शब्द निवडायचे. वेगवेगळ्या आजारांची माणसं वेगवेगळे शब्दसमूह निवडतात, असंही पुढे दिसून आलं. आपल्या रांगेत हे गट कुणी न पाडता पडलेलेच आहेत. ते कुणीतरी गोळा करून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. शिकायला दूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून मुलं येतात. त्यांना हाडांची नावं पाठ करावी लागतात तशीच ही नावंही करायला लावावीत.

पेन हा शब्द लॅटिनमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ दंड, शिक्षा. वेदना हा शब्द विद् या धातूपासून, म्हणजे जाणण्यापासून. व्युत्पत्तीवरून संस्कृतीचे निवाडे करू नयेत, पण जाणणं हे डॉक्टरचं काम आहे एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलं की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्याचा मान राखला पाहिजे.

तो मान आमच्या बीड जिल्ह्यात राखला गेला नाही, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका ओटीपोटात दुखतंय, अंगावर जातंय, कंबर धरतीय, असं सांगत दवाखान्यांत गेल्या आणि तरुण वयात पिशवी काढून परत आल्या. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला, शासनानं चौकशी समिती नेमली. पहाटेपासून कोयता चालवणारी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई ‘ओढ लागल्यावाणी’ म्हणते, तेव्हा ती ओझ्याबद्दल बोलत असते, पाळीच्या दिवसांत न मिळालेल्या पाण्याबद्दल आणि आडोशाबद्दल बोलत असते. हे विचारायला दहा मिनिटं लागतात. गर्भपिशवीकडे बोट दाखवायला एक पुरतं.

आणि हे अंबाजोगाई गाव कुठलं? मुकुंदराजांचं. परंपरा सांगते की शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, त्यांनी ‘विवेकसिंधु’ रचला. ब्रह्मविद्येसारखा विषय लोकांच्या बोलीत सांगता येतो, हे इथल्या डोंगरकपारीत सिद्ध झालं. इथल्याच दासोपंतांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर ‘गीतार्णव’ लिहिला, त्याच्या ओव्या सव्वा लाख मानतात. एका शब्दातून किती अर्थ काढता येतो, याची एवढी मोठी शाळा दुसरीकडे कुठे भरली असेल? त्या गावाच्या बाईचं दुखणं दोन अक्षरांत उरकलं जाऊ नये.

काही डॉक्टर हल्ली इंग्रजी नोंदीच्या पुढे पेशंटचा शब्द देवनागरीत लिहितात. आत्याच्या कागदावर ‘रग’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ती आता इतरांनाही शिकवते. परवा रांगेत एक पोरगी बोट धरून रडत होती, तर आत्या तिच्या आईला म्हणाली, “आत जाऊन दुखतंय म्हणू नको. ठणकतंय का ठुसठुसतंय, आधी पोरीला विचार.” आईनं विचारलं. पोरगी जरा थांबली, बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, “ठुसठुस. पण रातच्याला ठणका.”