झाकणाचे छिद्र

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, कुकडीकाठच्या आमच्या शेतात वडिलांच्या हातचा जुना ट्रॅक्टर अजून चालतो. गेल्या डिसेंबरात कांद्याची रोपे उपटून ठेवलेली, बायामाणसे बांधावर येऊन बसलेली, निम्मे रान तयार व्हायचे राहिलेले; आणि हा गृहस्थ अर्धा तास चालून बंद पडे.

आम्ही फिल्टर बदलला. त्याखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसले, ते काढले. (अर्धी रिकामी टाकी थंडीत रात्रभर राहिली की हवेतल्या दमटपणाचे आत पाणी होते. टाकी संध्याकाळीच भरावी, असे वडील सांगत; आम्ही ऐकत नसू.) स्क्रू सैल करून, हातपंप दाबीत, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. इंजिन सुरू झाले. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

“दादा, विकून टाकू याला,” धाकटा म्हणाला. वडिलांच्या पश्चात हा शब्द घरात प्रथमच निघाला. आम्हांस उत्तर सुचले नाही.

अखेर जुन्नरहून मिस्त्री आले. पेटी न उघडताच, इंजिन बंद पडल्याबरोबर त्यांनी टाकीचे झाकण फिरवले. आत हवा शिरल्याचा सूं आवाज झाला.

“टाकीला श्वास घेता येईना, मालक.”

झाकणातले बारीक छिद्र धुळीने बुजले होते. डिझेल खाली जाई, त्याच्या जागी हवा येत नसे. आत ओढ निर्माण होऊन प्रवाह अडे. तारेच्या तुकड्याने छिद्र मोकळे झाले. मिस्त्रींनी चहाच घेतला, पैसे नाहीत.

दिवस मावळता रान तयार झाले. धाकट्याने न सांगता टाकी भरून ठेवली.