माणसं मोजणारी शेवंती

रात्री साडेदहाच्या सुमाराला आमच्या घरात नखांचा आवाज सुरू व्हायचा. टक्, टक्, टक्. आधी मुलीच्या खोलीचं दार नाकाने ढकललं जायचं, मग मुलाच्या, मग आमच्या. प्रत्येक पलंगाशी ती क्षणभर थांबायची, चादरीबाहेर आलेला हात नाहीतर पाय हुंगायची आणि पुढे निघायची. शेवटी जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर, जिथून सगळी दारं दिसतात तिथे, अंग टाकून एक लांब सुस्कारा सोडायची. माझी आई फलटणहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती, तेव्हा एका रात्री ती म्हणाली, "अगं, ही मोजतीये आपल्याला. धनगराचं कुत्रं असंच मेंढरांच्या वाघरीभोवती फेरी घालतं."

आईचं माहेर माण तालुक्यातलं. सुगी झाली की तिच्या वडिलांच्या रानात धनगर मेंढ्या बसवायचे. रात्रभर मेंढ्यांचं खत पडायचं आणि बदल्यात धनगराला धान्य मिळायचं. त्या कळपाबरोबरची कुत्री तिने लहानपणापासून पाहिलेली. फरक एवढाच की आपल्याकडचं धनगरी कुत्रं लांडग्यापासून कळप राखतं. आमची शेवंती कोली. हे स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवरचं कुत्रं, त्याचं काम कळप वळवायचं, पांगलेली मेंढरं गोळा करून आणायची. 1860च्या दशकात राणी व्हिक्टोरियाने बालमोरलला ही कुत्री पाहिली, ती तिला आवडली, आणि मेंढपाळाचं कुत्रं दिवाणखान्यात आलं. पुढे त्याचे केस आणखी लांब झाले, नाक आणखी निमुळतं झालं. पण पांगलेल्यांना एकत्र आणायची ओढ अंगात मुरलेली होती, ती गेली नाही.

शेवंती आमच्याकडे आली ऑक्टोबर 2011मध्ये. एका म्हाताऱ्या माणसाने वीसेक कोली पाळल्या होत्या. पिल्लं विकायचा त्याचा व्यवसाय. तो आजारी पडला आणि सगळंच कोलमडलं. निराधार कोलींना घरं मिळवून देणाऱ्या इथल्या संस्थांनी ती कुत्री आपापसांत वाटून घेतली आणि कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला एक आमच्याकडे दिली. वय चार वर्षं. कागदावर नावाच्या जागी एक आकडा होता. अंगावर मेणचट गुठळ्या झालेले केस, कानांमागे तर नुसता नमदा. दोन दिवस कात्रीने एकेक गुठळी कापत बसले, मग आंघोळ घातली, आणि खालून रंग वर आला. पाठ सोनेरी पिवळी, गळ्याभोवतीची आयाळ, छाती आणि चारही पाय पांढरेशुभ्र. फलटणच्या बाजारात पिवळ्यापांढऱ्या शेवंतीचे ढीग एकमेकांत मिसळलेले असतात, तेच डोळ्यांसमोर आलं. नाव तिथेच ठरलं.

तिला जिना माहीत नव्हता. गवत माहीत नव्हतं. पहिल्यांदा हिरवळीवर पाऊल ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचलून घेतलं. स्वयंपाकघरातल्या चकचकीत फरशीवर ती यायचीच नाही, उंबऱ्याशी उभी राहून मान पुढे करायची. आणि धातूच्या भांड्याचा आवाज झाला की जमिनीला चिकटून थरथरायची. पिंजऱ्यांच्या रांगेत जेवणाच्या वेळी काय होत असेल, याचा अंदाज मला त्या थरथरीवरूनच आला.

दहा दिवसांनी डॉक्टरांनी पोटावर हात फिरवला आणि सोनोग्राफी केली. ती गाभण होती.

आई तेव्हा नुकतीच आली होती. कुत्रं देवघराकडे फिरकता कामा नये, असं तिने आल्या आल्याच बजावलं होतं. पण गाभण म्हटल्यावर तिचा सूरच बदलला. तळघरातली कोपऱ्याची जागा तिनेच निवडली. उजेड कमी, वारं लागत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याची वर्दळ नाही. "बाळंतिणीची खोली अशीच असते," म्हणाली. मी दिवसातून दोनदा शेवंतीचा ताप मोजत होते. कुत्रीचं तापमान एरवी 101 ते 102 अंश फॅरनहाइट असतं. ते 99च्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत पिल्लं येतात. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी काटा 98.6वर आला. पहाटे पावणेतीनला पहिलं पिल्लू झालं आणि सात वाजेपर्यंत सहा झाली. चार आईसारखी, दोन काळी, तपकिरी, पांढरी अशी तिरंगी.

नवजात कोलीचं पिल्लू कोलीसारखं अजिबात दिसत नाही. बोथट तोंड, मिटलेले डोळे, डोक्याला चिकटलेले कान. आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा धागा बांधला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ वजनं घेऊ लागलो. निळ्या धाग्याचं जन्मतःच 190 ग्रॅमचं होतं. बाकीच्यांचे आकडे वर चढत होते, याचा तिथेच अडलेला. तिसऱ्या दिवशी ते गेलं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने वहीत निळ्या धाग्याच्या रकान्यापुढे रेघ मारली नाही, तो रकाना तसाच मोकळा ठेवला.

पाचवीच्या रात्री मी पाणी प्यायला उठले. तळघरात दिवा दिसला म्हणून खाली गेले, तर पिल्लांच्या खोक्याशेजारी पाटावर एक कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. जवळ हळदकुंकू आणि वाटीत मऊ भात. आई भिंतीला टेकून बसली होती आणि शेवंतीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मला बघून म्हणाली, "सटवाई यायची लिहायला. पाच जणांचं लिहायचंय, कागद मोठाच ठेवलाय." देवघराची ताकीद त्यानंतर कोणी काढली नाही.

पुढचे दोन महिने कसे गेले ते आठवत नाही, फक्त धुतलेल्या टॉवेलांचे ढीग आठवतात. सातव्या आठवड्यात पाचही पिल्लांना नेत्रतज्ज्ञाकडे नेलं. कोलींमध्ये डोळ्याच्या आतल्या पडद्याचा एक आनुवंशिक दोष फार आढळतो. तो लहानपणीच तपासावा लागतो, कारण सौम्य असेल तर वाढत्या वयात त्यावर रंगद्रव्य चढतं आणि तो दिसेनासा होतो. दिसत नाही, पण पुढच्या पिढीत उतरतो. एका पिल्लात तो सौम्य निघाला. घ्यायला आलेल्या कुटुंबाला आम्ही हे स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी तेच पिल्लू उचललं. संस्थेची माणसं प्रत्येकाचं घर आणि कुंपण पाहून आली, जुन्या डॉक्टरांना फोन करून विचारपूस केली. इतक्या चौकशीचा लोकांना राग येतो. शेवंतीच्या अंगावरच्या गुठळ्या ज्याने कापल्या आहेत, त्याला येणार नाही. चार पिल्लं गेली. तिरंग्यांपैकी एक, राघू, आमच्याकडे राहिला. आणि जिचं कायमचं घर अजून शोधायचं होतं ती शेवंती राहिली, कारण रात्रीची मोजणी तोवर सुरू झालेली होती.

राघूच्या आणि तिच्या सुखाच्या दिवसांत एक रात्र फार वाईट गेली, ती सांगायलाच हवी. शेवंतीचं पोट बिघडलं होतं. रात्री उघड्या असणाऱ्या एका दवाखान्याला मी फोन केला. तिथून सांगितलं की घरात माणसांचं जुलाबावरचं लोपेरामाइड असेल तर वजनाप्रमाणे द्या. मी दिलं. चार तासांनी तिचे मागचे पाय एकमेकांत अडकू लागले, लाळ गळायला लागली, बाहुल्या विस्फारल्या. मी हाक मारत होते आणि ती माझ्या आरपार बघत होती. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि वाचली. पुष्कळ कोलींमध्ये एमडीआर1 नावाच्या जनुकात बिघाड असतो. मेंदूत शिरू पाहणारी काही औषधं जे प्रथिन बाहेर ढकलतं, तेच या कुत्र्यांत तयार होत नाही. 2001मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हे शोधून काढलं. अमेरिकेतल्या दहापैकी सुमारे सात कोलींमध्ये या बिघडलेल्या जनुकाची निदान एक प्रत असते. जंतांवरचं आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत त्यांना मारक ठरू शकतं, आणि आपल्या घरातलं हे साधं औषधसुद्धा. पांढऱ्या पायांच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन देऊ नका, असं यमक जुळवलेलं वाक्य इथल्या जुन्या प्राणिवैद्यांच्या तोंडी आधीपासून होतं. कारण नंतर कळलं. गालाच्या आतून कापूस फिरवून तपासणी होते. शेवंतीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. कोली घरी आणणाऱ्याने पहिल्या आठवड्यात ही तपासणी करावी आणि तो कागद फ्रिजवर लावावा, हे मी भेटेल त्याला सांगते.

रुग्णांच्या भेटीला शेवंतीला न्यावं, ही कल्पना तिच्या डॉक्टरांची. त्यासाठी परीक्षा असते. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, अंगावर झुकणारी अनोळखी माणसं, समोर टाकलेला खाऊ, आणि पाठीमागे मुद्दाम पाडलेलं भांडं. पहिल्या खेपेला भांडं पडलं आणि शेवंती टेबलाखाली गेली. मग आम्ही घरीच तयारी केली. मराठी स्वयंपाकघरात स्टीलच्या भांड्यांना काय तोटा! आधी लांबून चमचा, मग वाटी, मग ताटली, आणि प्रत्येक आवाजाला उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. सहा महिन्यांनी माझ्या हातून पोळ्यांचा डबा झाकणासकट खाली पडला, आणि शेवंती आपली जागा सोडून त्या चकचकीत फरशीवरून धावत माझ्याकडे आली. दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

दर गुरुवारी दुपारी आम्ही एका वृद्धाश्रमात जायचो. आदल्या संध्याकाळी आंघोळ, नखं घासणं, दीड तास केस विंचरणं. कोलीच्या मादीची खांद्यापर्यंतची उंची बावीस ते चोवीस इंच असते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तिच्यासाठी वाकावं लागत नाही. लांब तोंड ती थेट मांडीवर ठेवायची. आणि दारातून आत शिरलं की हाक ठरलेली, "लॅसी!" तिथल्या म्हाताऱ्यांपैकी थोरल्यांनी लहानपणी लॅसी नावाच्या कोलीचा 1943चा सिनेमा पाहिलेला, आणि 1954 ते 1973 या काळात तिची मालिका दूरदर्शन संचावर सगळ्यांच्याच घरात आलेली. पहिली लॅसी ज्याने साकारली तो पाल नावाचा नर होता, हे त्यांच्यातल्या एका आजोबांनी मला सांगितलं आणि दर गुरुवारी पुन्हा सांगितलं. शेवंती एका टोकाकडून सुरुवात करायची, एकही खुर्ची गाळायची नाही. झोपलेल्या माणसापाशीसुद्धा थांबायची, हात हुंगायची आणि मगच पुढे जायची.

विस्मरण झालेल्यांच्या विभागात एक आजी होत्या. तिथल्या नर्सने मला आधी सांगितलं की त्या काहीतरी असंबद्ध पुटपुटत असतात, लक्ष देऊ नका. शेवंतीने त्यांच्या मांडीवर तोंड ठेवलं. आजींनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आलीस व्हय गं? किती गार पडलंय, आन् ह्या बायांनी खिडकी उघडी टाकलीया."

मी जागच्या जागी उभी राहिले. कोल्हापूरकडची ठसठशीत मराठी. चाळीस वर्षं बोललेली इंग्रजी पुसली गेली होती आणि तळाची बोली तेवढी उरली होती. मुलगा दूरच्या राज्यात, आठवड्यातून एकदा फोन. कित्येक महिने त्या थंडी वाजतेय, पाणी हवंय, पाठ दुखतेय असं सगळं नीट सांगत होत्या. मी आधी खिडकी बंद केली. मग त्यांच्याशेजारी बसून एका जाड कागदावर पंधरा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि पुढे अर्थ. पाणी, गार, दुखतंय, नको, शी, भूक, बास, झोप असे. नर्सने तो पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. पुढच्या गुरुवारी तीच नर्स वाकून विचारत होती, "आजी, गार?" आणि आजी म्हणत होत्या, "न्हाई बाई, आता बरं हाय." शेवंती दोघींच्या मध्ये बसली होती.

2018च्या हिवाळ्यात शेवंतीला जिना चढवेना. रात्र झाली की ती खालच्या पायरीशी उभी राहून वर बघायची, एक पाय ठेवायची आणि काढून घ्यायची. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा. एके रात्री काही न बोलता त्याने आपली गादी खाली बैठकीत आणून टाकली. पाठोपाठ मुलगी आली, मग आम्ही दोघं. सोफ्याभोवती चार गाद्या. शेवंती हळूहळू सगळ्यांपाशी फिरली, राघूला हुंगलं, आणि मधोमध आडवी झाली. एप्रिलपर्यंत आम्ही असेच झोपलो. ती गेली तेव्हाही आम्ही सगळे तिच्याभोवतीच होतो.

त्या डिसेंबरात मी फलटणला गेले. आईच्या पलंगावर एक लहानशी उशी होती, जुन्या इरकली लुगड्याचा अभ्रा घातलेली. हलकी, ऊबदार, कापसासारखी गोळा न होणारी. विचारलं तर म्हणाली, "तिचे केस. तू विंचरून फेकायचीस ना वसंतात, पिशव्याच्या पिशव्या? मी दोन आणल्या होत्या बॅगेतून. धुऊन पिंजून घेतले. घोंगडं व्हायला कमी पडले, म्हणून उशी केली."

मी तोंड टेकवलं. इतकी वर्षं झाली होती, तरी खाली कुठेतरी तोच वास होता. पावसातून फिरून आल्यावर दाराशी अंग झाडायची ना, तेव्हाचा.

"नेतेस का?" आईने विचारलं.

"राहू दे, तुझ्याजवळ."