तपकिरी

बंद काचनळीतला तपकिरी वायू नुसता बघत राहावा. खिडकीतला उजेड त्यातून आरपार जातो, टेबलावर मधाळ रंगाचा ठिपका पडतो, आणि कितीही वेळ पाहिलं तरी त्या रंगात कणभर फरक होत नाही. नळी बर्फात बुडवली की रंग विझत विझत फिकट होतो, गरम पाण्यात धरली की गर्द विटकरी. पुन्हा टेबलावर ठेवली की आपल्या जुन्या छटेवर येऊन थांबतो. थांबतो, असं आपण म्हणतो. आत नायट्रोजन डायऑक्साइडचे तपकिरी रेणू दोन-दोन करून एकमेकांना बिलगत असतात, बिलगताना रंग सोडून देतात, आणि त्याच क्षणी तितक्याच रंगहीन जोड्या फुटून पुन्हा तपकिरी होत असतात.

कुणीच थांबलेलं नाही.

शिशाच्या आयोडाइडचं संपृक्त द्रावण घ्या. तळाच्या पिवळ्या साक्यात किरणोत्सारी अणू असलेले त्याचेच थोडे कण मिसळले, तर साका घटत नाही, द्रावण अधिक तृप्त होत नाही. पण काही वेळाने वरचं निवळ पाणीही किरणोत्सारी निघतं. जागचं न हलता केवढी ही ये-जा!

१७९८ साली नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेला क्लोद बेर्तोले वाळवंटातल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी उभा राहिला, तेव्हा चुनखडीच्या किनाऱ्यावर त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की खडू आणि मीठ मिळतं. इथे तीच वाट उलटी चाललेली. मीठ अफाट आहे, चुनखडी अफाट आहे, म्हणून हे घडतं, असं त्याने ताडलं. त्या उन्हात, त्या पांढऱ्या चकाकीत, पदार्थाच्या स्वभावाइतकंच त्याचं प्रमाणही बोलतं हे कुणाला तरी ऐकू आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या बोलण्याचं गणित १८६४ मध्ये गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेतल्या मेहुण्यांनी मांडायला घेतलं. दोन्ही दिशांच्या या बरोबरीच्या ये-जेला समतोल म्हणतात. समतोल म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे. आपल्या नळीत तपकिरी वायूच्या दाबाचा वर्ग जोड्यांच्या दाबाने भागला, दाब वातावरणात मोजले, तर २५ अंश सेल्सिअसला उत्तर सुमारे ०.१५ येतं. दट्ट्या लावून वायू दाबा: रंग क्षणभर गडद होतो, मग थोडा निवळतो, जोड्या वाढतात. भागाकार तोच राहतो. त्याला हलवते ती फक्त ऊब.

‘आयुष्यात समतोल हवा’ असं सांगणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. जिवंत पेशी या समतोलापासून सतत दूर पळत असते. त्यासाठीच तर ती अन्न मागते, श्वास मागते. तिथे पोचली की ती संपली. मला विचाराल, तर हा निवांतपणा काचेतच शोभतो.

आणि काच बंद हवी, ही अट विसरू नका. बूच निघालं की ०.१५ ला काही अर्थ उरत नाही. तो वायू विषारी आहे; आधी खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.