वधूच्या गालावरील कोड

नववधूंना नटविण्याचा व्यवसाय आमच्या भाचीने बेळगावात नुकताच आरंभिला आहे. तिच्याकडे परवा एक मुलगी आली. हनुवटीवर व गालावर पांढरे कोड. सोबतच्या मावशींनी बजावले, 'एकही डाग दिसता कामा नये!' भाचीने नवे प्रसाधन प्रथम मुलीच्या कानामागे किंचित लावून दोन दिवस वाट पाहिली. कारण कोड असलेल्या त्वचेला दाह झाला, तर तेथे नवे डाग उठू शकतात. मग तिने मुलीलाच विचारले. ती म्हणाली, 'ताई, हनुवटीवरचा झाका. गालावरचा असू द्या. तो त्यांनी पाहिलेला आहे.'

कोडाला लोक 'श्वेतकुष्ठ' म्हणतात. परंतु तो कुष्ठरोग नव्हे आणि स्पर्शाने पसरतही नाही. इतकेच काय, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणसुद्धा संसदेने 2019 साली हिंदू विवाह कायद्यातून वगळले. कायद्याने टाकलेली भीती आम्ही मंडपात अजून जपून ठेवली आहे. डाग झाकण्यात गैर काही नाही. मात्र तो झाकावा की नाही, हे जिचा चेहरा तिनेच ठरवावे. नटविणारीने हात लावण्यापूर्वी तेवढे विचारावे, आणि मावशींनी ते उत्तर ऐकून घ्यावे, एवढेच आमचे मागणे.